चौदा नंबरचा दूधभात

"आई, दूधभात म्हणजे काय गं?"

शर्वीनं हे विचारलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि ती नुकतीच खेळून, हातमोजे काढून, माठापाशी पाणी पीत उभी होती. मी मान वर न करताच म्हटलं, "दूधभात म्हणजे दूध आणि भात. लहानपणी तू थुंकून टाकायचीस तो."

"तो नाही गं. खेळातला. निहार म्हणाला, छोट्या सानूला आपण दूधभात घेऊ. कुणाला कळेचना. मग त्यानंच सांगितलं. जो सगळ्यांत लहान असतो त्याला खेळायला घ्यायचं, पण तो आऊट झाला तरी आऊट धरायचं नाही. भारी आहे ना?"

भारी होतंच. मला तर तो शब्द चांगलाच ठाऊक होता. लहानपणी मला दमा होता, दोन फेऱ्या पळाले की छाती वाजायला लागायची, त्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेतल्या प्रत्येक खेळात दूधभात होते. पण तो शब्द शेवटचा कानावर पडला त्याला पंचवीस वर्षं तरी झाली असतील. आताची पोरं अशा भिडूला 'गेस्ट' म्हणतात. मग नऊ वर्षांच्या निहारच्या तोंडी तो आला कुठून?

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

"निहार कुठल्या मळ्यातला?"

"माहीत नाही. विचारायचं नसतं ना. तूच सांगितलंयस."

खरंच, मीच सांगितलं होतं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरात चहा पीत, प्रत्येक आईबापाला मीच सांगितलं होतं, की पोरांनी एकमेकांना घर कुठलं ते विचारायचं नाही आणि तुम्हीही पोरांवर डोळे लावून बसू नका, पेटी बघते.

मी मयूरी डुंबरे. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या हिवरवाडीत आणि आजूबाजूच्या मळ्यांत मी इंटरनेटची तार टाकते, जोडते आणि उंदरांनी कुरतडली की शोधून काढते. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, मधे ऊस, आणि उसात बिबट्या. पाच वाजल्यानंतर पोरांना दाराबाहेर सोडायचं नाही, हा नियम आमच्याकडे बाकी सगळ्या नियमांच्या वर. त्यात पठारापलीकडे रेडिओ दुर्बिणी आहेत. मोठमोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात आणि लाखो वर्षांपूर्वी निघालेली ताऱ्यांची कुजबुज ऐकतात. त्यांच्या कानाशी गोंगाट नको म्हणून या भागात मोबाइलचे मनोरे फार जपून उभारतात. बाकी जगाच्या घरात हवेतून नेट येत होतं तेव्हा आमची पोरं गोठ्याच्या पत्र्यावर चढून रेंज शोधत होती. म्हणूनच चार वर्षांपूर्वी पोकळ तार आली ती आधी आमच्याकडे. तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनीही तिचं फक्त नाव ऐकलं होतं.

ही तार काय आहे ते मी घरोघरी सांगायचे तसंच सांगते. नेहमीच्या प्रकाशतारेत भरीव काच असते. काचेतून जाताना उजेड रेंगाळतो, त्याचा एक तृतीयांश वेग काच खाऊन टाकते. नव्या तारेच्या पोटात केसाएवढी पोकळी असते आणि तिच्याभोवती काचेच्या भिंती अशा विणलेल्या असतात की उजेड त्या पोकळीतून, हवेतून, जवळजवळ आपल्या पूर्ण वेगानं पळतो. पण खरी करामत पुढे आहे. पूर्वी शर्वीनं समोरच्या मळ्यातल्या मैत्रिणीला नेटवरून हाक मारली तर ती हाक आधी मुंबईला जायची, तिथल्या कुठल्याशा थंडगार इमारतीत रांगेत उभी राहायची आणि मग परत यायची, कधी लवकर, कधी उशिरा. आता आमच्या गावाची जोडणी गावातच आहे आणि प्रत्येक घराच्या उजेडाला त्याची वेळ नेमून दिलेली आहे. रांगच नाही. एका घरातला स्पर्श दुसऱ्या घरात सेकंदाच्या हजाराव्या भागात पोचतो, आणि दर वेळी तेवढ्याच वेळात पोचतो.

स्पर्श म्हणाले मी, चुकून नाही. चष्मा, हातमोजे आणि पायाखाली सरकती चटई, एवढं घेऊन पोरं आपापल्या घरात पळतात आणि सगळी मिळून एकाच ठिकाणी खेळतात. त्या ठिकाणाला आम्ही 'अंगण' म्हणतो. जुन्या नेटवर पकडापकडी म्हणजे नुसती भांडणं. पकडणारी म्हणायची, मी शिवले. पळणारी म्हणायची, मी कधीच सुटले होते. आणि दोघी खऱ्या असायच्या, कारण दोघींच्या घरी वेळच वेगळी पोचत असायची. नव्या तारेनं ते भांडण मिटवलं. मी पहिल्यांदा हातमोजा घालून जोडणी तपासली तो दिवस मला अजून आठवतो. दोन किलोमीटरवरून रोहिणी काळेच्या, तेव्हा तीन वर्षांच्या सानूनं माझं बोट धरलं. तिची इवलीशी मूठ, तिची ओढ, आणि त्या मुठीतली एक अगदी बारीक थरथर. तारेत काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे, रोज हातानं जोडते मी ती. तरी त्या दिवशी माझे डोळे भरून आले.

ती थरथरच पुढे आमची राखणदार झाली.

माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. आपल्याला दिसत नाही, पण तो सतत कापत असतो, आणि त्या कापण्याला ठेका असतो. लहान मुलाचा हात सेकंदाला साधारण सहा वेळा कापतो. मूल वाढतं तसा ठेका वाढत जातो आणि सोळा-सतराव्या वर्षी दहाच्या आसपास येऊन थांबतो. डॉक्टर वैजयंती ओगले आणि त्यांच्या माणसांनी हे जुनं शरीरशास्त्र उचललं आणि घरोघरी तारेच्या टोकाला असते त्या पेटीत घातलं. नेटवर नाव खोटं सांगता येतं, फोटो खोटा लावता येतो, आवाज तर आता कुणाचाही काढता येतो. पण चाळीस वर्षांचा बाप्या नऊ वर्षांचा हात कुठून आणणार? संथ, अडखळत्या नेटवर ही थरथर पुसली जायची. आमच्या तारेवर ती जशीच्या तशी उमटते. म्हणजे ज्या वेगानं पोरांना खेळ दिला, त्याच वेगानं त्यांना राखणही दिली. दहाच्या ठेक्याचा हात अंगणात शिरू पाहतो तेव्हा पेटी लाल होते आणि दार बंद. चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

आणि मी त्या चार वर्षांत शर्वीचा एकही खेळ पाहिला नव्हता. गरजच काय होती?

"अजून काय सांगतो निहार?" मी गॅस बंद करून शर्वीसमोर बसले.

"तो काय, सगळेच खेळ सांगतो. विषामृत, डबा ऐसपैस. त्यानंच शिकवले आम्हाला. आणि मधेच अशी मूठ तोंडाशी नेऊन टॅम्प्लीज म्हणतो, मग त्याला कुणी धरायचं नाही." ती हसली. "पण पळतो हळू. साखळीत तो नेहमी माझा हात धरतो."

"तुझ्याबद्दल काही विचारतो? घर कुठंय, फोटो पाठव, असलं?"

"नाही. एकदाच विचारलं होतं, शाळेच्या मागं खो-खोचं मैदान अजून आहे का."

शाळेच्या मागचं मैदान जाऊन वीस वर्षं झाली. तिथं टोमॅटोचं शीतगृह उभं आहे. एखाद्या पोराला दूधभात हा शब्द आजीकडून कळेलही, पण नऊ वर्षांचं पोर त्या मैदानाबद्दल 'अजून' कसं म्हणेल?

मी अमोलला, शर्वीच्या बाबांना, सांगितलं. तो नारायणगावच्या बाजारातून नुकताच आला होता, बूट काढत म्हणाला, "अगं पेटी हिरवी आहे ना? मग पोरगंच असणार. तूच तर सांगतेस लोकांना."

"मीच सांगते म्हणून तर माझे हातपाय गार पडलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर ओगल्यांना फोन लावला. चौदा नंबरच्या खेळाडूची, म्हणजे निहारची, थरथर त्यांनी पाहिली आणि ठाम आवाजात म्हणाल्या, "सहा पूर्णांक एक. मयूरी, हा हात लहान मुलाचाच आहे. मोजे कुणी उघडलेले नाहीत, ठेका उसना नाही. निर्धास्त राहा."

"लहान मुलाचाच, की आणखी कुणाचा असू शकतो?"

पलीकडे कागद चाळल्यासारखी खुडबुड.

"अगं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला. "साठीनंतर ठेका परत उतरायला लागतो. सत्तरी ओलांडली की तो सहावर येतो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, मी स्वतः शिकवलंय. आम्ही पाच ते पासष्टपर्यंतचे हात तपासले. त्यापुढचं माणूस पोरांच्या खेळात कशाला येईल, असं वाटलं आम्हाला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, पण थोड्या वेळानं. आधी मी नुसतीच उभी राहिले, फोन कानाला लावून. आयुष्यात प्रवेश करतानाचा हात आणि निघतानाचा हात एकाच ठेक्यात कापतो, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. माझ्या तारेनं ती इतकी बारीक टिपली होती, आणि आम्हाला वाचता आली नव्हती.

चौदा नंबरची तार कुठं जाते ते पाहायचं तर दोघींच्या परवानग्या लागतात, माझी आणि त्यांची. आम्ही दोघींनी दिल्या. पडद्यावर पत्ता उमटला आणि मी खुर्चीत बसले. ती तार मीच टाकली होती. नातू सुट्टीत येणार आहे म्हणून त्यांनी ती मागून घेतली होती. नातू कॅनडात असतो. त्याचं नाव निहार.

बोऱ्हाडे सर. आमचे खेळाचे सर. वय एक्क्याऐंशी.

संध्याकाळी साडेपाचला मी त्यांच्या दारात गाडी उभी केली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सर चटईवर उभे, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, एका हातानं वॉकर घट्ट धरलेला आणि दुसरा हात पुढं केलेला. ते जागच्या जागी इंच इंच पाय उचलत होते आणि हसत होते. अंगणात त्यांचा निहार पळत असणार. मागं खिळ्याला त्यांची शिट्टी लटकत होती, शाळेतली तीच.

"सर."

त्यांनी चष्मा काढला. मला पाहिलं आणि त्यांचं हसू विझलं.

"मयूरे, तू होय." ते कॉटवर बसले. "कळलं वाटतं तुला."

मी तिथल्या तिथं पेटीचं बटण बंद केलं. रस्ताभर जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. "सर, माझी पोरगी आहे त्यात. तिचा हात धरता तुम्ही. ती तुम्हाला नऊ वर्षांचा मित्र समजते. तुम्ही कोण आहात ते मला माहितीय. पण तिला माहीत नव्हतं ना? तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर आज मी काय केलं असतं?"

सर सावकाश म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण एक सांगू? सबब म्हणून नाही, नुसतं सांगतो. पहिल्या दिवशी मी माझंच नाव टाकलं होतं. वय एक्क्याऐंशी. म्हटलं, दार उघडणार नाही, बघू तर खरं. पेटीनं माझा हात पाहिला आणि म्हणाली, वय जुळत नाही, पुन्हा भरा."

"काय?"

"तीनदा भरलं. तीनदा तेच. मग मी नऊ लिहिलं. पेटी हिरवी झाली." ते आपल्या हाताकडे बघत होते. "वय पेटीनं बदललं, मयूरे. नाव मात्र मी बदललं. पोरानं पोराचं नाव सांगावं म्हणून निहारचं सांगितलं. ती लबाडी माझी. दुसऱ्या दिवशी सांगू, तिसऱ्या दिवशी सांगू म्हणत राहिलो. पण खरं सांगितलं तर मला खेळायला कोण घेणार?"

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचा राग येत होता. मी पेटी परत लावली, अंगणाचं दार बंद ठेवून फक्त तपासणीपुरती. एक मोजा मी घातला, दुसरा त्यांच्या हातात होताच. पडद्यावर दोन रेघा आल्या. माझी दहाच्या ठेक्यानं कापणारी, त्यांची सहाच्या.

"म्हणजे मी परत सहावर आलो," सर म्हणाले. "तू केव्हा येशील?"

"अजून चाळीस वर्षं आहेत."

याच हातानं त्यांनी मला एकदा मैदानाच्या रेघेवर उभं केलं होतं आणि शिट्टी वाजवून सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, मयूरी आजपासून दूधभात, तिचं आऊट धरायचं नाही. ते मला त्या क्षणी आठवायला नको होतं, पण आठवलं. मी मोजा काढला.

"सर, रविवारी शाळेत सगळे आईबाप बोलावते. पोरंही. तुम्ही स्वतः सांगायचं. तोवर ही पेटी मी घेऊन जातेय."

"ने," ते म्हणाले. दारापर्यंत आल्यावर मागून हाक आली. "मयूरे, आज सानू एकदाही रडली नाही हं. दूधभात केल्यापासून."

घरी येऊन मी शर्वीला सगळं सांगितलं. लपवून ठेवायचं असं एकदा मनात आलं होतं, पण लपवाछपवीनंच तर हे सगळं झालं होतं. ती आधी हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे निहार नाहीच?"

"निहार आहे. कॅनडात आहे. तो तुमच्याबरोबर कधी खेळला नाही."

"मग मी ज्याला माझं गुपित सांगितलं तो म्हातारा माणूस होता?"

"कुठलं गुपित?"

"तुला कशाला सांगू?" ती ओरडली. "तू कधी बघायला आलीस? एक दिवस तरी? तू आपली म्हणायचीस पेटी बघते, पेटी बघते. आता बघितलं ना पेटीनं!"

त्यानंतर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट पुढं केलं तर घ्यायची, हाक मारली तर मान फिरवायची. बिबट्याच्या भीतीनं मी तिला घरात ठेवलं होतं, आणि घरात ती कुणाबरोबर आहे ते पाहायला मला चार वर्षांत फुरसत झाली नव्हती. सरांची चूक मोठी होती, पण माझी पोरगी माझ्यावर रागावली होती, त्यांच्यावर नाही. ते मला फार लागलं.

रविवारी वर्ग गच्च भरला. मी आधी उभी राहिले आणि म्हटलं, "पेटी चुकली. ती चुकणार नाही असं मी तुम्हाला छातीठोक सांगितलं होतं, म्हणून मीही चुकले." डॉक्टर ओगले पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी तपासणीत काय राहून गेलं ते सांगितलं आणि न टाळता माफी मागितली. मग सर वॉकर टेकत पुढं आले. त्यांनी सगळं सांगितलं, पेटीचं निम्मं आणि स्वतःचं निम्मं, काही गाळलं नाही.

रोहिणी काळे ताडकन उठली. "सर, तुम्ही आमच्या घरच्यांना शिकवलंय. म्हणून आम्ही गप्प बसायचं का?"

"नको बसूस," सर म्हणाले.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं पेट्या काढून टाका. कुणी म्हणालं म्हाताऱ्या माणसाला असं उभं करून बोलणं शोभत नाही. अमोलसुद्धा म्हणाला की पोरांना टीव्हीसमोर बसवलेलं परवडलं. सर एका जागी उभे होते, वॉकरवरचे त्यांचे हात कापत होते आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात शर्वी बाकावर उभी राहिली.

"मला एक विचारायचंय," ती सरांना म्हणाली. "दूधभात कोण ते सगळ्यांना माहीत असतं ना?"

"असतंच. खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं सांगतात."

"मग तुम्ही लपून दूधभात झालात. लपून होता येत नाही. ती चीटिंग आहे."

"आहे," सर म्हणाले.

"आता सगळ्यांना कळलंय. आता तुम्हाला दूधभात घेता येईल. राज्य तुमच्यावर येणार नाही, टॅम्प्लीज एकदाच, आणि साखळीत मधे उभं राहायचं नाही, कडेला. सगळ्यांना दिसेल असं." ती इतर पोरांकडे वळली. "घ्यायचं का?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सानू पहिली बोलली. "घ्या की. मग मी एकटीच दूधभात राहणार नाही."

रोहिणी अजून उभीच होती. तिनं सानूकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ठीक आहे. पण माझी अट ऐका. मोठा दूधभात खेळात असेल तेव्हा प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस पोराशेजारी बसलं पाहिजे. फोन बघत नाही, पोराकडे बघत. नाहीतर माझ्या पोरीचं नाव काढा."

ती अट मंजूर झाली. दोन घरांनी तरीही पोरांची नावं काढून घेतली. त्यातलं एक महिन्याभरानं परत आलं, दुसरं अजून आलेलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

डॉक्टर ओगले पुन्हा कामाला लागल्या. लहान हात आणि म्हातारा हात एकाच ठेक्यात कापत असले तरी अचानक ओढ बसली की सावरायची त्यांची तऱ्हा निराळी असते, हे त्यांनी शोधून काढलं. आता पेटीत हिरवा आणि लाल यांच्या मधे पिवळा दिवा आहे, आपलं नाव-वय उघड सांगून येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, आणि खरं वय लिहिणाऱ्याला ती खोटं पाडत नाही. त्या वर्गाचं नाव काय ठेवायचं म्हणून त्यांनी मला अर्ज पाठवला. मी एकच शब्द लिहिला. मला वाटलं त्या बदलतील, पण परवा केरळातल्या कुठल्याशा गावात पोकळ तार पोचली आणि तिथल्या पेटीतही तोच शब्द त्यांच्या लिपीत लिहिलेला आहे, असं त्या सांगत होत्या.

नवा दिवा बसवून खेळ पुन्हा सुरू झाला, त्या पहिल्या संध्याकाळी मी शर्वीशेजारी खुर्ची टाकून बसले. ती माझ्याशी धड बोलत नव्हती. दुसऱ्या हातमोज्यांचा जोड आणि चष्मा कोपऱ्यात पडला होता, मी नुसताच पाहायला म्हणून चष्मा डोळ्यांना लावला.

आणि मी पाहिलं. चार वर्षं माझ्याच तारांतून जे वाहत होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लख्ख ऊन पडलेलं मोठं अंगण, त्यात डझनभर पोरं. काळेमळा, शिंदेमळा, ओढ्याकाठची वस्ती, सगळीकडची पोरं एकाच मातीवर पळत होती. मधे ऊस नव्हता, बिबट्या नव्हता. कुणीतरी कुणाला तरी शिवलं की दोघंही जागच्या जागी थबकत, एकाच क्षणी, आणि भांडण होत नसे. कडेला सर होते, सदरा-पायजम्यात, स्वतःच्या पांढऱ्या केसांसकट. फक्त पाय त्यांना पेटीनं चांगले दिले होते. ते पळत होते. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पोरांच्या मागं धावत होता आणि ओरडत होता, "अरे रेघ! रेघ पाळा!" दोन हातांच्या मधे दोन किलोमीटर ऊस आणि केसाएवढी हवा, आणि त्या हवेतून हे सगळं जात होतं. मी इतके दिवस त्याला काम म्हणत होते.

एका जागी बसून बघायचं तरी किती? तिसऱ्या दिवशी रोहिणी काळे मोजे घालून अंगणात उतरली, म्हणाली, सानूला धरायला कुणी नव्हतं. पिवळा दिवा लागला. चौथ्या दिवशी अमोल. त्याला विषामृत येत होतं, त्यानं ते मला लग्नाला बारा वर्षं झाली तरी कधी सांगितलं नव्हतं. मग शिंद्यांची थोरली सून, मग तिची सासू. पोरांना आधी गंमत वाटली, मग वैताग आला, मग त्यांनी मोठ्यांना नियम शिकवायला घेतले. परवा मी मोजले. चौदा पोरं आणि एकोणीस दूधभात.

मी मात्र खुर्चीतच होते. शर्वीनं बोलावल्याशिवाय जायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.

काल पकडापकडीत साखळी लांबत चालली होती. राज्य शर्वीवर होतं. ती एकदम थांबली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"येतेस का?"

मी मोजे घातले. दिवा पिवळा झाला. अंगणात पाय टाकला आणि पळाले, आणि दहा पावलांत माझी छाती वाजायला लागली, अगदी चौथीत वाजायची तशी. मागून पावलं आली आणि माझा हात पकडला गेला. घट्ट, लहान, बारीक थरथरणारा हात. सेकंदाला सहा वेळा.

"आई आऊट!" शिंद्यांचा पोरगा ओरडला.

"आऊट नाही," शर्वी म्हणाली. "ती दूधभात आहे."

सरांनी कडेनं शिट्टी वाजवली. सगळे पुन्हा पळायला लागले. मला वाटलं, आता ती मला सोडून पुढं जाईल, तिला अजून कितीतरी जणांना पकडायचं होतं. पण तिनं माझा हात सोडला नाही.